दादाच्या नावाचं लॉगिन

९ जून

दादा,

ईमेल परत आलं, फोन लागत नाही. हा पत्ता आत्याकडून मिळवला. "मी दिला म्हणून सांगू नकोस," एवढीच तिची अट होती, आणि पहिल्याच ओळीत मी ती मोडून बसले. कागद बदलणार होते, पण मग पत्ता कुठून मिळाला असा तुला प्रश्न पडला असता. म्हणून राहू दे.

कामाचं लिहिते. फक्त कामाचंच लिहायचं, असं ठरवून बसलेय.

मोठ्या हॉस्पिटलनं आपल्याकडे एक तपासनीस बाई पाठवल्या होत्या. त्यांच्या लॅबचे सगळे रिपोर्ट आपल्या डेटाबेसमध्ये, तेव्हा त्या तपासणारच. बाई सौम्य होत्या, आवाज एकदाही चढला नाही, आणि म्हणूनच मला जास्त घाम फुटला. डेटाबेसमध्ये शिरण्याची परवानगी कुणाकुणाला आहे, असं त्यांनी विचारलं. मी नावं दाखवली. प्रत्येक नावावर बोट ठेवून त्या विचारत होत्या, "हे कुठे बसतात?" मी त्या त्या टेबलाकडे हात करत होते. मग बोट तुझ्या नावावर आलं.

"हे माझे भाऊ," मी म्हटलं.

"बरं. कुठे बसतात?"

पुढचं तुला माहीतच आहे, तूच केलेलं आहे, पण मला पहिल्यापासून मांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नवा सर्व्हर लावायचा झाला की आपण हातानं काही करत नाही. तुझी स्क्रिप्ट चालवतो. ती एकेक गोष्ट बसवत जाते आणि शेवटी डेटाबेसच्या दाराशी जाऊन सांगते, मी अमुक, मला आत घ्या. ते 'अमुक' म्हणजे तू. तुझं नाव, तुझा पासवर्ड, स्क्रिप्टमध्ये उघडा लिहिलेला. आत गेल्यावर तिला काहीही करायची मुभा, कारण तुला होती. तू गेल्यापासून लागलेला प्रत्येक सर्व्हर तुझ्याच नावानं आत शिरलाय.

बाई म्हणाल्या, "म्हणजे तुमच्याकडे यंत्रं माणसाच्या नावानं वावरतात."

स्क्रिप्टला तिचं स्वतःचं लॉगिन द्यायचं, कामापुरतीच परवानगी द्यायची आणि भावाचं लॉगिन बंद करायचं. ऑगस्टअखेरची मुदत. नाही झालं तर हॉस्पिटल काम दुसरीकडे नेईल. आणि ते गेलं तर ऑफिसात दिवे लावण्यापुरतंही काम उरत नाही, हे तुला माहीत आहे.

बाबा आपल्याला काय वेगळं सांगायचे? हॉस्पिटलच्या स्टोअरला नोकरीला होते तेव्हा किल्ल्यांचा जुडगा घरी आणून आपल्या दोघांना जेवणाच्या टेबलावर बसवायचे. "ही कुणाची? औषधवाल्याची. मग झाडूवाल्याला द्यायची का?" तू म्हणायचास, द्यायची, भला माणूस आहे. मी म्हणायचे, नाही. आणि बाबा तुलाच हसायचे, कौतुकानं. मला बरोबर उत्तराबद्दल नुसतं "हं" मिळायचं. माझी पहिली शाळा ती. नंतरच्या शाळेत इतका कस कधी लागला नाही.

तेव्हा हे तुला विचारून करावं, असं मला वाटतं. तुझं नाव आहे.

आणि एक. बाई गेल्यावर मी सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. तुझं लॉगिन शेवटचं कधी वापरलं गेलं, ते बघायला. आज सकाळी, सहाच्या सुमाराला. कालही. परवाही. नोंदी जिथपर्यंत मागे जातात तिथपर्यंत, रोज. कुठून, ते कळत नाही. बाहेरून येणारं सगळं एकाच गेटवेतून, म्हणजे एकाच दारातून येतं, त्यामुळे पत्ता गेटवेचाच दिसतो.

दादा, तू येतोस?

बाबा बरे आहेत. आईही.

तुझी
शंकासुर


२३ जून

दादा,

मागच्या पत्रात बाबा बरे आहेत असं लिहिलं, ते खरं नाही. फेब्रुवारीत त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली. बोलतात, पण शब्द एकेक करून, जड सामान जिन्यानं चढवावं तसे. मधल्या खोलीत त्यांची कॉट टाकलीय, म्हणजे स्वयंपाकघरही दिसतं आणि बाहेरचं दारही. तुला कळवायचं नाही, असं त्यांनी झटक्याच्या आधीच कधीतरी सांगून ठेवलं होतं. आता तेच सांगणं लागू आहे की रद्द, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. म्हणून 'बरे आहेत'.

तू अजून उत्तर दिलेलं नाहीस. टपालाला वेळ लागतो, हे मी धरून चाललेय.

मी बाबांना सांगितलं. सांगायला नको होतं का? त्या सकाळी ते दाढी करू देत नव्हते, तोंड भिंतीकडे फिरवून पडले होते. आई वाटी हातात धरून उभी, साबणाचा फेस विरत चाललेला. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, दादा रोज डेटाबेसमध्ये येऊन जातो."

त्यांनी मान वळवली.

"कधी?"

"सकाळी. सहाला."

"काय... करतो?"

"काही नाही. येतो, बघतो, जातो."

ते अर्ध्या तोंडानं हसले. उरलेलं अर्धं आता हसत नाही, पण डोळा दोन्हीकडचा हसतो. "लवकर... उठायला... लागला," म्हणाले. आणि हनुवटी वर करून आईला म्हणाले, "कर."

आई दाढी करता करता म्हणाली, "बापलेकांचं एकेक नवल. घराला दार आहे, दाराला बेल आहे, आणि हा येतो कुठे, तर डेटाबेसमध्ये! माझ्यातर्फे एक कप चहा ठेव बाई तिथे."

तेव्हापासून रोज चहाच्या वेळी एकच शब्द. "आला?" मी नोंद उघडून बघते आणि सांगते, "आला होता." मग ते बिस्कीट खातात. उजव्या हातात चेंडू धरून दाबायचा व्यायामही करू बघतात. फिजिओथेरपीवाली म्हणाली, काय जादू केलीत? आई म्हणाली, आमच्याकडे पाहुणा येतो सकाळचा.

मी खोटं काही सांगितलेलं नाही. तुझं नाव दिसतं, वेळ दिसते. दिसतं तेवढंच सांगते. पण एक गोष्ट टोचत राहते. आत आल्यावर तू काहीच उघडत नाहीस. जागा आहेस का, एवढंच डेटाबेसला विचारतोस, आणि उत्तर मिळताच निघून जातोस. माणूस आपल्या जुन्या घरात आला, तर एखादं कपाट तरी उघडून बघेल.

पण तू असाच होतास. जेवायला आलास की उभ्या उभ्या चार घास खाऊन निघायचास.

शंकासुर


१४ जुलै

दादा,

स्क्रिप्टचं लॉगिन तयार केलं. एकाची तीन केली: डेटाबेसमधली टेबलं, म्हणजे माहितीचे तक्ते, बांधणारं वेगळं, रोजचा प्रोग्रॅम ज्यानं आत जातो ते वेगळं, आणि नुसतं वाचणारं वेगळं. पासवर्डही स्क्रिप्टच्या पोटातून काढले. आता ते कुलूपबंद जागी असतात. स्क्रिप्ट कामापुरते मागून घेते, काम झालं की विसरते.

रिकामा सर्व्हर घेऊन चाचणी घेतली. तिसऱ्या पायरीवर अडली: परवानगी नाही. ती दिली. पुढे पुन्हा अडली. तीही दिली. सगळं एकदम देऊन टाकलं असतं तर जेवायच्या आत घरी आले असते. तू तेच केलं असतंस आणि मला म्हणाला असतास, "अगं शंकासुर, दार उघडं टाक, कोण येतंय चोर!" मी प्रत्येक वेळी थांबून विचार केला की, हे हिला खरंच लागतं का. चौथ्या दिवशी स्क्रिप्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडता चालली, आणि त्यात तुझं नाव कुठेही नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता.

मग तुझं लॉगिन काढून बघितलं. खऱ्या डेटाबेसची नक्कल चाचणीच्या सर्व्हरवर घेऊन, घाबरू नकोस. डेटाबेसनं नकार दिला. या नावावर मालकी आहे, म्हणाला, या माणसाला काढता येत नाही. आणि खाली टेबलं दाखवत गेला. रुग्ण, नमुने, रिपोर्ट, सगळं तुझ्या मालकीचं. तूच बांधलेलं, म्हणून. आधी मालकी दुसऱ्याच्या नावावर करायची, मगच माणूस काढायचा. मी स्क्रीनवरची ती खिडकी तशीच उघडी ठेवून खाली गेले आणि उगाच कोपऱ्यावरून चालून आले.

बाबांना हे सांगावं लागलं. मुदत जवळ येतेय, आणि ऑफिसचे मालक तेच आहेत. मी म्हटलं, "हॉस्पिटलवाल्या बाई सांगतायत, दादाचं लॉगिन बंद करा."

त्यांना वाक्य जुळवायला इतका वेळ लागला की मला वाटलं ते झोपले.

"किल्ली... असू दे," म्हणाले. "त्याच्याकडे."

दादा, 'किल्ली' म्हणाले. जिन्यात, सगळ्या स्टाफसमोर, "जायचं तर किल्ली ठेवून जा," म्हणाले होते ना तुला? तुला आपलं ऑफिस त्या मोठ्या कंपनीला विकायचं होतं, त्यांना नव्हतं. यात कोण बरोबर, ते मला आजही ठरवता येत नाही. मी दोन्ही बाजूंनी मनात इतक्यांदा भांडलेय की दोन्ही वकिलांना कंटाळा आलाय. तू ऑफिसची किल्ली टेबलावर आपटलीस आणि गेलास. लॉगिनही परत घ्यायचं असतं, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. आता वाटतं, बाबांच्या आलं असावं.

ते बोलले, ते मी जसंच्या तसं लिहिलंय. माझं काही त्यात घातलेलं नाही. तू येऊन एकदा ऐकावंस. शब्द थोडे आहेत, पण अजून आहेत.

बहीण


२ ऑगस्ट

दादा,

हे पत्र दोनदा फाडलं.

आपली पहिली खोली आठवते? जुन्या लॅबच्या मागची, जिथे बाबांनी ऑफिस सुरू केलं ती. गेली कित्येक वर्षं तिथे मोडक्या खुर्च्या ठेवतो. लॅबवाल्यांना ती आता परत हवीय. म्हणून दुरुस्तीवाल्या काकांना घेऊन सामान बघायला गेले. काका नेहमीसारखे बडबडत होते. "या खुर्चीला तीन पाय, त्या खुर्चीला दोन, एकूण एक माणूस आरामात पडेल." मग टेबलाखाली वाकले.

"पोरी, हे गरम आहे."

टेबलाखाली तुझं जुनं मशीन होतं. पंखा घरघरत होता. वर धुळीचा थर इतका, की काकांच्या बोटांचे ठसे उमटले. स्क्रीन काढून नेलेला, पण वायर भिंतीत आणि नेटवर्कची तारही जागच्या जागी.

काकांनी व्हॅनमधला स्क्रीन आणून जोडला. आत तू लिहिलेली एक छोटी फाइल होती. रोज सकाळी सहाला उठायचं, डेटाबेसमध्ये तुझ्या नावानं जायचं, जागा आहेस का विचारायचं, परत यायचं. तेव्हा सर्व्हर वरचेवर बंद पडायचा, लॅब उघडायच्या आत कळावं, म्हणून केलं असशील. जाताना बंद करायचं राहून गेलं.

काका म्हणाले, "इमानी आहे हो. मालक गेला तरी हजेरी चुकवली नाही." त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक. मी हसले. मग खुर्ची शोधायला लागले तर एकही धड नव्हती.

तू येत नव्हतास, दादा.

मला कळायला हवं होतं. रोज तीच वेळ, कधी उशीर नाही, कधी सुट्टी नाही. इतकं नेमानं माणूस कुठे येतो? हे माझं काम आहे. यंत्रं तुझ्या नावानं वावरतात, हे बाईंनी मला तोंडावर सांगितलं होतं, आणि मी त्यातल्याच एकाला रोज सकाळी भाऊ समजत होते.

काका प्लग काढायला गेले. मी म्हटलं, "राहू द्या."

दुसऱ्या दिवशी चहा झाला. बाबांनी विचारलं, "आला?"

मी नोंद बघितली. होती. मी म्हटलं, "आला होता."

मशीन चालू ठेवलंय, ते एवढ्यासाठी. निदान नोंद तरी खरी असावी. नोंद नसताना 'आला' म्हणणं मला जमलं नसतं. हे काही फार वेगळं पाप नाही, हे मलाही कळतं. आईला सांगितलंय. ती म्हणाली, "लॅबवाल्यांना म्हणावं, खोली महिनाभर थांबेल." मग ओट्याकडे तोंड करून म्हणाली, "विचारतायत तोवर विचारू दे त्यांना."

तुला एकच विनंती आहे. ये, असं म्हणत नाही. त्या लॉगिननं एकदा, एकाच सकाळी, तू स्वतः आत ये. मशीनच्या बरोबरीनं. पासवर्ड तुला आठवत असेलच. इथे लिहीत नाही. पासवर्ड पत्रातही लिहू नये, हे तूच शिकवलंस. पण त्यात बाबांच्या स्टोअरच्या किल्लीचा नंबर आहे, हे मी ओळखलं.

म्हणजे माझं वाक्य खरं होईल. बाकी काही करू नकोस. बघ आणि जा.

बहीण


२६ ऑगस्ट

दादा,

बाबा गेले. एकवीस तारखेला, दुपारी.

आत्यानं तुझ्या घरमालकाला फोन केला. त्यांनी निरोप घेतला, पण तू कामासाठी दुसरीकडे असतोस, अधूनमधून टपाल न्यायला येतोस, असं म्हणाले. निरोप पोचला का, ते माहीत नाही. तू आला नाहीस, म्हणजे पोचला नसावा. मी तसंच धरलंय.

शेवटचे दोन दिवस ते बोलत नव्हते. त्याआधीच्या सकाळी चहा त्यांनी नको म्हटला, पण विचारायचं ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "तूही... ये." मी म्हटलं, "बाबा, मी इथेच आहे." त्यांनी पुन्हा तेच म्हटलं. मला त्याचा अर्थ लागला नाही, आणि मी लावतही नाही. मी खूप गोष्टींचे अर्थ लावले यंदा.

मुदत होती. टेबलांची मालकी ऑफिसच्या नावावर केली. डेटाबेसनं या वेळी नकार दिला नाही. तुझं नाव पूर्ण पुसलं नाही, मन धजेना. नाव ठेवलं, पासवर्डही तोच ठेवला, फक्त त्या नावाचा प्रवेश काढून घेतला. कुणी बरोबर पासवर्ड दिला तरी डेटाबेस सांगेल, या नावाला आत यायची परवानगी नाही. मग एकटीच जुन्या खोलीत गेले आणि प्लग काढला. पंखा लगेच थांबत नाही. हळू होत जातो.

'किल्ली असू दे त्याच्याकडे', हे त्यांचं सांगणं मी मोडलं. ते होते तोवर पाळलं. आई म्हणाली, "ज्यांच्यासाठी ठेवायची तेच राहिले नाहीत." पण किल्ली तुझ्यासाठी ठेवायला सांगितली होती, हे मी तिला म्हटलं नाही.

तपासनीस बाई काल येऊन गेल्या. सगळं नीट आहे, म्हणाल्या. यादीतल्या तुझ्या नावाकडे बघून त्यांनी काही विचारलं नाही.

बहीण


३१ ऑगस्ट

दादा,

पत्रं कुठल्या क्रमानं उघडशील, ते मला कळत नाही. सव्वीसचं आधी हातात यावं, असं वाटतं, पण तुझ्या दाराशी गठ्ठाच पडलेला असेल आणि हे वर असेल. म्हणून पुन्हा लिहिते. बाबा गेले. एकवीसला. हे वाचून खाली बस, आणि मग पुढचं वाच.

काल सकाळी मी सवयीनं नोंदी उघडल्या. मशीन बंद आहे, तिथे काही असणार नाही, हे माहीत असूनही उघडल्या.

सहाच्या जरा आधी, तुझ्या नावानं कुणीतरी आलं होतं. चुकीचा पासवर्ड. थोड्या वेळानं पुन्हा, चुकीचा पासवर्ड. मग मधे बराच वेळ काही नाही. मग तिसऱ्यांदा. या वेळी पासवर्ड बरोबर होता, आणि डेटाबेसनं सांगितलं होतं, या नावाला आत यायची परवानगी नाही.

त्यानंतर काही नाही. आज सकाळीही नाही.

मी या वेळी घाई केली नाही. जुन्या खोलीत जाऊन बघून आले. प्लग काढलेलाच आहे. सगळ्या सर्व्हरांवर तुझ्या नावाची एकही स्क्रिप्ट उरलेली नाही, एकेक करून तपासलं. आणि यंत्र पासवर्ड चुकत नाही, दादा. दिलेला असतो तोच देतं. स्क्रिप्टमधून चोरणाराही चुकत नाही, तो उचलून चिकटवतो. दोनदा चुकून, थांबून, किल्लीचा नंबर आठवून तिसऱ्यांदा बरोबर लिहिणारा माणूस एकच आहे.

माझं दोन तारखेचं पत्र तुला मिळालं. टपाल तू आत्याच्या निरोपाआधीच नेलं असशील, उघडलं उशिरा; पुढचं तेव्हा वाटेत असणार. बाबा चहाला बसलेत आणि विचारतायत, असं समजून तू आलास. माझं वाक्य खरं करायला. आणि मी काही दिवस आधीच दार लावून बसले होते.

ते तुझ्यासाठी लावलेलं नव्हतं. पण वाचताना तुला तसं वाटलं असेल. बाबांनीच लावायला सांगितलं, असंही वाटलं असेल. तसं नाही. किल्लीबद्दलचं त्यांचं शेवटचं सांगणं चौदा जुलैच्या पत्रात आहे, ते पुन्हा वाच.

यंत्राला नाही म्हटलं तर ते दुसऱ्या दिवशी पुन्हा येतं. माणूस येत नाही. म्हणून हे पत्र आजच टाकतेय.

प्रवेश मी आत्ताही परत देऊ शकते, एका ओळीचं काम आहे. पण बाई पुन्हा येतील, तुझ्या नावावर बोट ठेवतील आणि विचारतील, हे कुठे बसतात. मला टेबलाकडे हात करून दाखवता यायला हवं. तुझं टेबल आहे. त्यावर प्रिंटर ठेवलाय, तो उचलता येतो.

आईला आज चहाच्या वेळी सांगितलं. मधल्या खोलीतली कॉट काढलीय, तरी आम्ही दोघी तिथेच बसतो.

"आला होता," मी म्हटलं.

ती म्हणाली, "तेच ना ते मशीन?"

"नाही. दादा. दार बंद होतं."

आईनं कप खाली ठेवला. म्हणाली, "मग जरा थांबला का नाही?"

तुझी
शंकासुर